निवळलेलं पाणी आणि फुटलेलं ढेकूळ

काचेचा एक ग्लास घ्या. त्यात पावसाचं पाणी भरा, नाहीतर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी चालेल. नीरेकाठच्या एखाद्या चोपण रानातलं, सुपारीएवढं, चांगलं वाळलेलं ढेकूळ त्यात अलगद सोडा आणि मग हात लावू नका. दहा-पंधरा मिनिटांत ढेकळाच्या कडा सुटायला लागतात. चहात दूध मिसळावं तसं एक वलय त्याच्याभोवती धरतं, पसरतं, आणि तासा-दोन तासांत ढेकळाचं ढेकूळपण उरत नाही. रात्रभर ग्लास तसाच ठेवा. सकाळी पाहावं तर पाणी अजून गढूळच असतं. आता चिमूटभर तुरटीची पूड टाकून चमच्याने चार फेरे द्या आणि अर्धा तास थांबा. माती तळाशी बसलेली दिसेल आणि वर निवळ पाणी.

हा प्रयोग मी नव्या तुकडीला पहिल्याच तासाला दाखवतो. मुलं सूत्रं नि समीकरणं यांच्या तयारीने आलेली असतात, टेबलावर ढेकूळ पाहून हसतात. पण ढेकूळ का फुटलं आणि माती का बसली, या दोन प्रश्नांची उत्तरं ज्याला देता आली, त्याला सांडपाण्याच्या रसायनांचा निम्मा विषय कळला असं मी धरतो. चोपण मातीच्या कणांना सोडियम धरून असतो, तो कणांना एकमेकांजवळ येऊ देत नाही. तुरटीतला अ‍ॅल्युमिनियम त्यांना जवळ आणतो. टाकीत कण जवळ यायला हवेत, तरच गाळ बसतो. शेतातही ते जवळच हवेत, तरच ढेकूळ टिकतं, पाणी मुरतं, मुळांना हवा लागते. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात ही टाकी आणि हे शेत यांच्यात कधीकधी एका चारीचं अंतर असतं. म्हणून या विषयात येणाऱ्या प्रत्येकाला मी दारातच सांगतो: रसायन घाण नाहीशी करत नाही, तिची जागा बदलतं. कोणतंही पोतं फोडण्याआधी विचारायचा प्रश्न एकच, यातलं काय कुठे जाणार?

या दोन तालुक्यांत तो प्रश्न टाळता येत नाही. कऱ्हा सोनगावला नीरेला मिळते, नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचा फुगवटा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५च्या सुमारास इथे खेळू लागलं, त्याच्यामागे ऊस आला आणि उसामागे गाळप. वालचंदनगर, माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. हंगामात रात्री एका चिमणीच्या उजेडातून दुसरीच्या उजेडात गाडी जाते. नंतर दूध आलं, चीज आलं, एमआयडीसीत वाहनं आणि पोलाद आलं, भिगवणजवळ कागद आला. या सगळ्यांच्या पाटातून जे वाहतं त्याला आपण सरसकट सांडपाणी म्हणतो. पण साखर कारखान्याचं पाणी गोड आणि भुकेलेलं असतं, दुधाचं पाणी तासाभरात आंबतं, रंगकामाच्या पाण्यात जड धातू असतात आणि गावाच्या गटारात साबणापासून मैल्यापर्यंत सगळं. एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला विष ठरू शकतं.

हे पुस्तक केमिकल इंजिनिअरसाठी आहे तसंच ईटीपीवर, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर, रात्रपाळी करणाऱ्या ऑपरेटरसाठीही आहे. नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातला अभियंता, ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा शिपाई, बी.एस्सी. करून पहिल्या नोकरीच्या शोधात असलेली मुलगी, आणि कारखान्याच्या कुंपणापलीकडे ज्याचं रान आहे तो शेतकरी, या सगळ्यांचं इथे स्वागत आहे. शेवटच्या माणसाला मी मुद्दाम बोलावतो आहे. त्याला सीओडी म्हणजे काय हे माहीत नसेल, पण पाणी कुठे गेलं हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

सुरुवात तुरटीपासूनच करणं बरं, कारण ती घरातली आहे. पावसाळ्यात नदीचं किंवा कालव्याचं गढूळ पाणी हंड्यात भरून त्यात तुरटीचा खडा फिरवायचा हे आपल्या आज्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्याहून जुनी निवळी. तिला संस्कृतात कतक म्हणतात. तिचं बी मातीच्या भांड्याच्या आतून घासून त्यात पाणी ठेवायची रीत होती, आणि पाणी ‘निवळणे’ या क्रियापदाशी तिच्या नावाचं नातं उघड आहे. शेवग्याच्या बियांतही हाच गुण आहे. नवं शास्त्र आलं ते या अनुभवाला कारण द्यायला. गढूळ पाण्यातल्या बहुतेक कणांवर ऋण भार असतो, सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण खाली न बसता तरंगत राहतात. उलट भाराचा आयन पाण्यात टाकला की ही ढकलाढकली शमते. आता गंमत पाहा: शुल्झ आणि हार्डी यांच्या नियमानुसार आयनावरचा भार वाढला की त्याची ताकद साध्या पटीने वाढत नाही. सिद्धांतातल्या हिशेबात एका भाराच्या सोडियमची ताकद १ धरली, तर दोन भारांच्या कॅल्शियमची ६४ आणि तीन भारांच्या अ‍ॅल्युमिनियमची किंवा लोहाची ७२९ भरते. प्रत्यक्षात आकडे इतके नेमके येत नाहीत, पण क्रम हाच राहतो. चिमूटभर तुरटीने जे होतं ते मूठभर मिठाने का होत नाही, याचं हे उत्तर.

तुरटीची भावंडं बरीच आहेत. फेरिक क्लोराइड, ज्याला सगळे नुसतं ‘फेरिक’ म्हणतात. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. पॉलीअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड, म्हणजे ‘पॅक’. आणि शेवटी टाकायचं ते चिकट, लांब साखळीचं ‘पॉली’, जे बारीक पुंजक्यांना बांधून त्यांचे मोठे पुंजके करतं. कोणाची निवड करायची? विक्रेत्याला विचारलं तर तो त्याच्याकडे असलेलं सांगेल. पाण्याला विचारायचं असेल तर जार टेस्ट करावी लागते, आणि या एका चाचणीवर मी पुस्तकात जरा जास्तच रेंगाळलो आहे.

सहा बीकर, प्रत्येकात १ लिटर त्याच दिवसाचं, त्याच टाकीतलं पाणी. १० ग्रॅम तुरटी १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवली की त्या द्रावणाच्या १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम तुरटी येते. पहिल्या बीकरला २ मिलिलिटर, दुसऱ्याला ४, असं करत सहाव्याला १२. एक मिनिट जोरात, मिनिटाला १०० फेऱ्यांनी ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं सावकाश, २५-३० फेऱ्यांनी. मग पाती थांबवायची आणि अर्धा तास नुसतं बघत बसायचं. हे बघणं कोणी करत नाही, नि सगळं शिक्षण त्यातच आहे. दुसऱ्या बीकरमध्ये काही घडत नाही. तिसऱ्यात पाण्याला आतून बारीक वाळूसारखा दाणा धरतो. चौथ्यात मोहरीएवढे पुंजके दिसतात आणि त्यांच्यामधलं पाणी काचेसारखं चमकतं. पाचवा चौथ्यासारखाच. पॅकवर हीच चाचणी लावा आणि डोस चढवत न्या. सहावा पुष्कळदा चौथ्यापेक्षा गढूळ निघतो! कणांवरचा भार शमवता शमवता आपण तो उलटा करून ठेवलेला असतो, आणि आता ते पुन्हा एकमेकांना ढकलत असतात. ‘पाणी निवळत नाही, डोस वाढवा’ हा हुकूम मी अनेक ठिकाणी ऐकला आहे. त्यातल्या निम्म्या ठिकाणी डोस कमी करायला हवा होता.

समजा चौथा बीकर जिंकला, म्हणजे लिटरला ८० मिलिग्रॅम. रोजचं पाणी ५ लाख लिटर असेल तर ४० किलो तुरटी लागली. इथवरचा हिशेब सगळे करतात, पुढचा सहसा कोणी करत नाही. १ मिलिग्रॅम तुरटी पाण्यातली साधारण अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. ती क्षारता पाण्यात नसेल तर पीएच घसरतो आणि पुंजके धरतच नाहीत, मग चुना जोडावा लागतो. ४० किलो तुरटीतून जवळजवळ १० किलो कोरडा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड तयार होतो. कोरडा म्हटलं तरी तो कोरडा कधीच मिळत नाही. २ टक्के घन पदार्थ असलेला स्लज, म्हणजे गाळ, धरला तर हे ५०० किलो ओलं लोणचं झालं, आणि पाण्यातून काढलेली मूळ घाण त्याच्यावर वेगळी. रोज. ड्राइंग बेड पावसाळ्यात वाळत नाहीत, फिल्टर प्रेसचा केक ठेवायला जागा नाही, आणि मग कुणाच्या तरी डोक्यात रात्री ट्रॉली भरायचा विचार येतो. शिवाय तुरटीतला सल्फेट पाण्यातच राहिला तो राहिलाच. पाणी निवळलं हे खरं, पण घाण टाकीच्या तळाशी गेली आणि क्षार पुढे वाहिले.

रसायनांवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे लिहिणं जरा विचित्र वाटेल, पण साखर आणि दुधाच्या पाण्यात खरं काम जिवाणू करतात, रसायनं त्यांची सरबराई करतात एवढंच. अर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ साली मँचेस्टरमध्ये जिवाणूंचा स्लज हवा देऊन पुन्हा पुन्हा वापरायची रीत जगापुढे मांडली. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर दोनच वर्षांनी, १९१६मध्ये, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. म्हणजे ही विद्या आपल्याकडे फार उशिरा आली असं म्हणायची सोय नाही.

कारखान्याच्या पाण्यात साखर भरपूर असते, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतं. नुसत्या भातावर वाढवलेल्या पोरासारखी जिवाणूंची गत होते. स्लज फुगतो, पण बसत नाही. नियम असा, की १०० भाग बीओडीला, म्हणजे घाण पचवायला जिवाणूंना लागणाऱ्या ऑक्सिजनला, ५ भाग नत्र आणि १ भाग स्फुरद द्यावं. साखर कारखान्यांवर बंधन आहे ते उसाच्या टनामागे २०० लिटर सांडपाण्याचं. रोज २,५०० टन गाळप असेल तर ५ लाख लिटर झालं. बीओडी लिटरला १,००० मिलिग्रॅम धरली तर टाकीत रोज ५०० किलो बीओडी येते, तिला २५ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद लागतं. इथे शेतकरी वाचकाने पुढे यावं, कारण हे गणित त्याच्या हातचं आहे. डीएपी म्हणजे त्याची अठरा-सेहेचाळीसची गोणी. पण त्यातले ४६ टक्के हे स्फुरदाच्या ऑक्साइडचे असतात, मूळ स्फुरद २० टक्केच. म्हणून ५ किलोसाठी २५ किलो डीएपी. त्यातून साडेचार किलो नत्र आपोआप आलं, उरलेलं साडेवीस किलो युरियातून, म्हणजे सुमारे ४५ किलो युरिया. हा आकडा अशा एका दिवसाचा. टाकीत साखर कमी आली त्या दिवशीही तेवढाच युरिया ओतला, तर उरलेलं नत्र अमोनिया होऊन पुढे जातं. आणि एक सूचना: शेतीसाठीचा अनुदानित, निमलेपित युरिया ईटीपीत घालणं हा गुन्हा आहे. औद्योगिक प्रतीचा युरिया वेगळा मिळतो आणि महाग मिळतो.

दुधाचं पाणी मला स्वतःला सर्वांत शिकवणारं वाटतं. १ लिटर दुधाची बीओडी साधारण १ लाख मिलिग्रॅम असते. १०० लिटर दूध गटारात सांडलं तर सुमारे २०० माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका भार ईटीपीवर पडतो. म्हणून चांगल्या डेअरीत पहिलं ‘रसायन’ म्हणजे गळका नळ बदलायचा पाना. पीएच ४.६च्या आसपास आला की केसीन फाटतं. आपण त्याला दही-पनीर म्हणतो, ईटीपीत तेच फ्लोटेशनला, म्हणजे घाण तरंगवून वेगळी काढायला, उपयोगी पडतं. पण खरा विषय धुण्याचा आहे. टाक्या नि पाइप रोज कॉस्टिक सोड्याने आणि नायट्रिक आम्लाने धुतले जातात. वर दुधाचं पाणी आंबून पीएच ५च्या खाली उतरतो, आणि तो वर आणायला पुन्हा कॉस्टिकचाच कॅन उघडतात. कारण सोपं आहे. कॉस्टिक झटकन विरघळतं, पंप तुंबवत नाही, मोजायला सोपं. चुना कालवावा लागतो, त्याचे खडे राहतात, नळीत थर धरतो, हात खराब होतात. रात्रपाळीच्या ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्या जागी मीही कॅनच उघडला असता.

काही वर्षांपूर्वी या भागातल्या एका दूध प्रकल्पावर मी सल्ला द्यायला जात असे. बाहेर पडणारं पाणी दिसायला झऱ्यासारखं. बीओडी जमिनीवर सोडायच्या १०० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या बरीच खाली, अहवाल सगळे उत्तम. शेजारचा शेतकरी ते पाणी मक्याला आणि गिन्नी गवताला घ्यायचा. पहिली दोन वर्षं खूशही होता, नत्र फुकट मिळत होतं. चौथ्या वर्षी तो एका प्लास्टिकच्या पिशवीत ढेकळं घेऊन ऑफिसात आला. म्हणाला, “सर, रान वाफशाला येईना. पाणी वर उभं राहतंय, अन् वाळलं की फरशी.” आम्ही त्याला अहवाल दाखवले. तो ते बघून म्हणाला, “पाणी चांगलं हाये वो, मी कुठं नाही म्हणतोय? रान बघा.” त्या दुपारी मी पहिल्यांदा ग्लासात ढेकूळ टाकलं. रोज आम्ही पीएच, सीओडी, बीओडी, गाळ मोजत होतो, आणि वर्षानुवर्षं सोडियम नावाची गोष्ट कोणी मोजलीच नव्हती. त्यात मीही आलो.

तेव्हा केलेलं गणित या पुस्तकात चौकटीत छापलं आहे. ४० किलो कॉस्टिक जेवढं आम्ल मारतं, तेवढंच ३७ किलो विरलेला चुना मारतो. कॉस्टिकबरोबर पाण्यात २३ किलो सोडियम जातो, चुन्याबरोबर २० किलो कॅल्शियम. मीटरवर पीएच दोन्हींचा ७ दिसतो. काळ्या मातीला मात्र या दोन ७मधला फरक बरोबर कळतो: कॅल्शियम तिच्या कणांना बांधतो, सोडियम सोडवतो. तिथे पुढे चुन्यावर जमेल तेवढं काम आणलं, धुण्याच्या पहिल्या कॉस्टिकचं पाणी साठवून पुन्हा वापरायची सोय केली, आणि रानात जिप्सम टाकून चर काढले. जिप्सम म्हणजे तरी काय, कॅल्शियमचं सल्फेट. शेताला दिलेली तुरटीच ती. रान पूर्ववत व्हायला तीन हंगाम गेले.

या खोऱ्याला हे दुखणं नवं नाही, हे मला त्यानंतर वाचताना कळलं. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१०मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कालवा येऊन तेव्हा जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती, सहकारी कारखाना एकही नव्हता, ईटीपी हा शब्द जगात नव्हता. भारी काळी माती, भरपूर पाणी आणि निचऱ्याची वानवा एवढ्यानेच रानं पांढरी पडू लागली होती. अशा जमिनीवर आपण आज शुद्ध केलेलं सांडपाणी सोडतो. म्हणून बारामती-इंदापुरात रसायन निवडताना मातीचा अहवाल शेजारी हवा, असं माझं मत आहे. त्यासाठी मोजायची गोष्ट म्हणजे एसएआर, सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेलं प्रमाण. सिंचनाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात त्याची कमाल मर्यादा २६ आहे. भारी काळ्या रानाचा मालक २६पर्यंत थांबला, तर त्याला जिप्समच्या ट्रकची व्यवस्था आधीच करून ठेवावी लागेल.

काही पाण्यांपुढे रसायनं हात टेकतात. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारा स्पेंट वॉश हे त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण. १ लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघतो, सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची मागणी) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात, पीएच ४च्या आसपास. त्याचा तपकिरी रंग मेलॅनॉइडिनचा, म्हणजे साखर आणि अमिनो आम्ल तापून होणारा, भाजलेल्या पावाच्या कवचाचा रंग. तुरटी, फेरिक, फेंटनने १८९४मध्ये शोधलेलं लोह-पेरॉक्साइडचं जोडपं, सगळ्यांनी तो रंग प्रयोगशाळेत उतरतो. कारखान्यात उतरवायला गेलात तर मद्यार्कापेक्षा औषध महाग पडतं. तिथे पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळणं किंवा प्रेसमडबरोबर कंपोस्ट करणं हाच मार्ग राहतो. जाळल्यावर जी राख उरते तीत पालाश असतं, आणि मळीपासूनचं पोटॅश म्हणून ते आता खतात विकलं जातं. जागा बदलायचीच असेल तर ती अशी बदलावी.

गावांकडे वळलं की सगळ्यांच्या ओळखीचं रसायन भेटतं: टीसीएल, ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यातली ब्लिचिंग पावडर. ताजी असताना तिच्यात तिसऱ्या हिश्शाइतकं क्लोरीन असतं. उघड्या पोत्यात, ओल्या भिंतीला टेकून दोन पावसाळे काढले की उरतो तो चुना. पिण्याच्या पाण्यात ती देवासारखी आहे. पण सांडपाण्यात तिचा उपयोग सरसकट समजला जातो तसा नाही. १ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र संपवायला हिशेबाने साडेसात मिलिग्रॅमहून जास्त क्लोरीन लागतं, आणि गावाच्या सांडपाण्यात लिटरला २५-३० मिलिग्रॅम अमोनिया सहज असतो. जिवाणूंची प्रक्रिया न करता नाल्याच्या तोंडाशी पोती रिकामी करणं म्हणजे वास मारण्यासाठी उदबत्ती लावणं.

उजनीसाठी प्रश्न क्लोरीनचा नाही, स्फुरदाचा आहे. ११७ टीएमसीच्या या जलाशयात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं पाणी मुळा-मुठा-भीमेतून येतं. इंदापूरच्या काठावर उन्हाळ्यात जो हिरवा तवंग आणि जलपर्णी दिसते, ती या पाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेली असते. भिगवणला रोहित पाहायला येणाऱ्यांच्या फोटोंत हे येत नाही, जाळं ओढणाऱ्याच्या हाताला मात्र लागतं. तुरटी आणि फेरिक स्फुरद पकडतात; १ मिलिग्रॅम स्फुरदाला हिशेबाने साडेनऊ मिलिग्रॅमच्या वर तुरटी लागते, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. हे काम वरच्या शहरांच्या केंद्रांत व्हायला हवं. धरण गाठल्यावर तुरटी टाकायला टाकी उरलेली नसते.

सुरक्षेचं प्रकरण पुस्तकात मधे आहे, पण ते आधी वाचा. आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. टीसीएल आणि आम्लाचे कॅन एका खोलीत ठेवू नका. दोन्ही सांडून एकत्र आले तर जो वायू निघतो तो युद्धात वापरलेला आहे. चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. वर वास येत नसला तरी खाली हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि तो जास्त झाला की नाकच बधिर होतं. २०१३च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. एवढं लिहूनही वर्तमानपत्रांत बातम्या येतातच.

बाजारात रंगीत ड्रम, परदेशी नावं आणि ‘एका पुडीत सगळं’ अशी हमी देणाऱ्या पावडरी पुष्कळ आहेत. त्यांतल्या काही चांगल्याही असतात. या पुस्तकात मी ब्रँडची नावं टाळली आहेत आणि प्रत्येक रसायनाखाली चार ओळी दिल्या आहेत: ते काय पकडतं, पाण्यात मागे काय सोडतं, स्लज किती करतं, आणि तो स्लज कुठे न्यायचा. विक्रेत्याने आणलेल्या ड्रमवर हे चार प्रश्न त्याच्यासमोर लावून पाहा. दुसऱ्या प्रश्नाला तो सहसा चहा मागवतो.

पहिलं प्रकरण जार टेस्टचं आहे आणि ते खुर्चीत बसून वाचायचं नाही. त्यासाठी सहा बीकर, १०० ग्रॅम तुरटी, पीएच कागद, एक घड्याळ आणि आपल्या ईटीपीचं किंवा गावच्या नाल्याचं दहा लिटर पाणी जवळ ठेवा. सोबत ज्याच्या रानात ते पाणी जातं त्याला विचारून त्याच्या बांधाजवळचं एक ढेकूळ आणा. ते उन्हात तीन-चार दिवस पुरतं वाळू द्या. ओल्या ढेकळावर प्रयोग फसतो.